स्पंजी हाडात बारीक तडे पडतात कसे? सगळा दाबच असताना ताण येतो कुठून?

स्प्रिंगवाला:
नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकलवाला, हाडाबिडातलं फार काही कळत नाही, पण सध्या प्रोजेक्टसाठी मणक्याच्या आतल्या त्या जाळीदार (स्पंजी) हाडाचं एफईए मॉडेल (वस्तूचे बारीक तुकडे म्हणजे एलिमेंट करून कॉम्प्युटरवर ताण-दाब काढायची पद्धत) करतोय आणि एका ठिकाणी गाडी अडकलीये. मायक्रो-सीटीच्या (अगदी बारीक तपशील दाखवणाऱ्या सीटी स्कॅनच्या) इमेजवरून जाळी उचलली, वरून सरळ दाबली, कुठेही खेचलेलं नाही, तरी रिझल्टमध्ये भरपूर काड्यांवर टेन्शन दिसतंय. बाउंड्री कंडिशन (मॉडेल कुठे धरलंय, कुठे दाबलंय) परत परत तपासल्या, तिकडे काही घोळ नाही.

मग वाचायला घेतलं तर म्हणे या काड्यांमध्ये रोजच्या चालण्याफिरण्यातसुद्धा सूक्ष्म तडे पडतात, धडधाकट माणसाच्या हाडातही सापडतात. हे काही पचेना. धातूत फटीगचा (वारंवार भाराने पडणारा) तडा एकदा सुरू झाला की वाढतच जातो, आज ना उद्या पार्ट जातोच. माणूस वर्षाला एकेका पायावर दहा लाखाच्या आसपास पावलं टाकतो, मग सत्तर-ऐंशी वर्षं हे टिकतं कसं? आणि तडा नेमका सुरू कुठे होतो, काडीच्या मधे की जोडावर, पृष्ठभागावर की आत? कुणी यातलं असेल तर जरा उलगडून सांगा, इक्वेशन टाकलीत तरी चालतील पण मेडिकल शब्द टाकले तर सोबत अर्थही टाका प्लीज.

मायक्रॉन:
तुमचं मॉडेल बरोबरच सांगतंय. आम्ही लॅबमध्ये हेच करतो, हाडाचे छोटे सिलिंडर कापून दाबायचे आणि आत काय झालं ते बघायचं, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

स्पंजी हाड म्हणजे काड्या आणि पातळ पट्ट्यांची जाळी, एकेकीला ट्रॅबेक्युला म्हणतात. जाडी साधारण ०.१ ते ०.२ मिमी, लांबी मिलिमीटरच्या आसपास, मधल्या पोकळीत मॅरो (अस्थिमज्जा). मणक्यात तर हाड कमी आणि पोकळी जास्त, वय झालेल्या मणक्यात नव्वद टक्के जागा पोकळी असू शकते. आता वरून दाब दिला तरी प्रत्येक काडी काही दाबाच्या रेषेत उभी नसते, कुणी तिरकी, कुणी मुळात थोडी बाकदार, कुणी एका बाजूला जास्त जाड. त्यामुळे बाहेरून बघितलं तर निव्वळ कॉम्प्रेशन, पण काडीच्या पातळीवर बघितलं तर वाकणं. आणि वाकलं की एका बाजूला दाब, दुसऱ्या बाजूला ताण, हे तुम्हाला मी काय सांगणार. शिवाय ज्या आडव्या काड्या उभ्यांना जोडतात त्या तर उभ्या बाजूला फाकायला लागल्या की सरळ सरळ खेचल्याच जातात.

आता यातली गोम अशी की हाडाचं मटेरियल ताणात कच्चं आणि दाबात पक्कं. ताणात साधारण ०.४ ते ०.६ टक्के स्ट्रेनला (मूळ लांबीच्या तुलनेत झालेला बदल) यील्ड होतं (कायमचं बिघडायला लागतं), दाबात ०.८ ते १ टक्क्यापर्यंत जातं. म्हणजे काडी वाकली की ताणाची बाजू आधी बोलते. पूर्ण नमुन्याला तुम्ही जेमतेम अर्धा-पाऊण टक्का दाबलेला असतो, बहुतेक हाड निवांत असतं, आणि कुठल्यातरी मोजक्या काड्यांच्या पोटाला किंवा पाठीला यील्ड पार झालेलं असतं. सगळ्या नमुन्याचा यील्ड पॉइंट येतो तेव्हासुद्धा आतल्या टिश्यूचा थोडासाच भाग खरा यील्ड झालेला असतो.

अजून एक. दाट हाड असो वा विरळ, यील्डचा स्ट्रेन फारसा हलत नाही, दाबात ०.७-०.८ टक्क्याच्या आसपासच राहतो. ताकद मात्र घनतेच्या साधारण वर्गाप्रमाणे बदलते. घनता निम्मी झाली की ताकद निम्मी नाही, पाव. एफईएवाल्यांनी हे सुरुवातीलाच लिहून ठेवावं.

स्प्रिंगवाला:
वा, हे एकदम माझ्या भाषेत आलं. म्हणजे बकलिंगपण (दाबाखाली काडी अचानक बाजूला वाकणं) होत असणार ना? बारीक लांब काडी असेल तर ऑयलरचं बकलिंगचं सूत्र लागू व्हायला हवं.

मायक्रॉन:
होतं की. दाट हाडात, जसं खुब्याच्या गोळ्यात, बकलिंगचा फार संबंध नाही, तिथे पट्ट्या जाड, लांबी कमी, मटेरियलच आधी यील्ड होतं. विरळ मणक्यात मात्र बकलिंग मोठा खलनायक. दोन उभ्या काड्यांना जोडणारी एक आडवी काडी गेली की त्या उभ्या काडीची मोकळी लांबी दुप्पट, आणि लांबी दुप्पट झाली की बकलिंगचा भार चौपट कमी. हाडाचं वजन किती घटलं? जवळजवळ काहीच नाही. म्हणूनच दोघांची घनता सारखी मोजली जाते आणि एकाचा मणका बसतो, दुसऱ्याचा नाही.

स्लाइडखाली:
मायक्रॉन यांच्याशी सहमत, मी पॅथॉलॉजीकडून लिहिते कारण तडे दिसतात कसे हे पण महत्त्वाचं आहे, नाहीतर स्लाइडवर जे तडे दिसतील ते सगळे खरे धरले जातात.

हाड कापताना, घासताना, वाळताना तडे पडतातच. मग जिवंतपणी पडलेला कुठला आणि आपल्या करवतीने पाडलेला कुठला? हा प्रश्न हॅरॉल्ड फ्रॉस्ट यांनी १९६० मध्ये मस्त सोडवला. हाड कापायच्या आधीच अख्खा तुकडा बेसिक फक्सिन नावाच्या लालभडक रंगात मुरवायचा आणि मग पातळ सेक्शन काढायचे. जो तडा आधीपासून होता त्यात रंग शिरलेला असतो, नंतर पडलेला कोरा राहतो. इतकं साधं, पण या विषयाचा पाया तो आहे, आजही बऱ्याच लॅब हेच करतात. नंतर लोकांनी चमकणारे दोन वेगळे रंग वापरायला सुरुवात केली, प्रयोगाआधी एक, प्रयोगानंतर दुसरा, म्हणजे जुने तडे कुठले आणि भार दिल्यावर नवे कुठले आले, वाढले, ते वेगळं काढता येतं.

आता दिसतं काय. एक म्हणजे सरळ रेषेसारखा तडा, लांबी काही दशक मायक्रॉन, क्वचित शंभरच्या पुढे. दुसरं म्हणजे एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी, तिरकी, ही दाबाच्या बाजूला सापडते कारण तिथे मटेरियल शिअरमध्ये (थर एकमेकांवरून) सरकतं. तिसरा प्रकार मला स्वतःला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो, त्याला डिफ्यूज डॅमेज म्हणतात, रंगाचा नुसता धूसर डाग दिसतो, साध्या मायक्रोस्कोपखाली रेषा सुटी दिसतच नाही, कारण ते एक मायक्रॉनपेक्षाही बारीक असंख्य तडे असतात. हे ताणाच्या बाजूला. आणि शेवटचा टप्पा म्हणजे काडीच आरपार मोडलेली.

जोडावर की मधे विचारलंत ना, दोन्हीकडे, ते काडी कशी वाकते त्यावर. पण काडीच्या जाडीत बघितलं तर सरळ रेषेचे तडे बऱ्याचदा पृष्ठभागापेक्षा आत सापडतात. कारण आतलं हाड जुनं असतं. पृष्ठभाग सतत खणला-भरला जातो त्यामुळे नवा, कमी खनिजाचा, लवचिक. मधला गाभा वर्षानुवर्षं तसाच, खनिज भरत जातं, कडक आणि ठिसूळ होत जातो.

स्प्रिंगवाला:
थांबा, पृष्ठभाग खणला-भरला जातो म्हणजे? म्हणजे पार्ट बदलला जातो की काय आत बसल्याबसल्या?

स्लाइडखाली:
अहो तेच तर. धातू आणि हाडातला मुख्य फरक तोच आहे. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड विरघळवून खड्डा करतात, मागून ऑस्टिओब्लास्ट येऊन नवीन हाड भरतात. स्पंजी हाडाचा साधारण पाव भाग दरवर्षी असा बदलला जातो, बाहेरच्या घट्ट हाडाचा जेमतेम तीन टक्के. म्हणजे सत्तर वर्षांच्या माणसाच्या मणक्यातलं बहुतेक स्पंजी हाड सत्तर वर्षांचं नसतंच. सगळं सारख्या वेगाने बदलत नाही हे मात्र आहे, म्हणून वर गाभ्याचं सांगितलं.

चिकित्सक:
एक शंका. तडा पडलाय हे शरीराला कळतं कसं? तिथे काही नसा नाहीत ना काडीच्या आत? की आपलं सगळीकडे रँडम खणत सुटतात आणि आपण त्याला दुरुस्ती म्हणतो?

स्लाइडखाली:
दोन्ही होतं, रँडम पण आणि टार्गेटेड पण. टार्गेटेडचं असं की काडीच्या आत ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी गाडलेल्या असतात आणि त्यांचे धाग्यासारखे हात एकमेकींना बारीक नळ्यांमधून धरून असतात. तडा गेला की तो या नळ्या कापत जातो. हात तुटलेल्या पेशी मरतात, पण आजूबाजूच्या जिवंत पेशी आरएएनकेएल नावाचा सिग्नल वाढवतात आणि ऑस्टिओक्लास्ट तिकडे ओढले जातात. १९८५ च्या सुमारास डेव्हिड बर यांच्या टीमने कुत्र्यांच्या हाडांवर ठराविक भार देऊन दाखवलं की खणण्याच्या जागा तड्यांशेजारी योगायोगाने अपेक्षित असाव्यात त्यापेक्षा बऱ्याच जास्त सापडतात.

गंमत म्हणजे डिफ्यूज डॅमेजला ही खणाखणी होत नाही, पेशींच्या नळ्या तिथे तुटत नाहीत बहुतेक. उंदरांच्या हाडावरच्या प्रयोगात असं डॅमेज न खणताच दोनेक आठवड्यात बरंच कमी झालेलं दिसलंय. खनिज परत बसतं की अजून काही, त्यावर वाद चालू आहेत.

स्प्रिंगवाला:
ओके, पण मग एक तडा पडल्यावर तो काचेसारखा सर्रकन आरपार का जात नाही? खनिजच तर आहे बरंचसं. वजनाने दोनतृतीयांशच्या आसपास ना?

मायक्रॉन:
साधारण तेवढंच, बाकी कोलॅजन (चिवट धाग्यांचं प्रोटीन) आणि पाणी. पण रचना बघा. कोलॅजनच्या धाग्यांमध्ये आणि भोवती खनिजाचे नॅनोमीटर जाडीचे पत्रे, धाग्यांचे थर, थराथरात दिशा बदललेली, आणि काडीत वेगवेगळ्या काळात भरलेले हाडाचे पॅकेट, मधे सिमेंट लाइन (दोन पॅकेटमधली हद्द). तडा निघाला की दर थोड्या अंतराला त्याला नवी हद्द लागते. तिथे तो थांबतो, नाहीतर वळून हद्दीला समांतर पळतो, आणि वळला की त्याला उघडणारा ताण कमी होतो. मागे उघडलेल्या फटीत न तुटलेले कोलॅजनचे धागे, कधी हाडाचे अख्खे पूल, दोन्ही कडा धरून ठेवतात. शिवाय खनिज-कोलॅजनमध्ये चिकट प्रोटीन असतात, ऑस्टिओपॉन्टिन वगैरे, त्यांचे बंध आधी तुटतात, ऊर्जा खातात आणि भार गेला की परत जुळू शकतात.

एक प्रयोग बघायला मिळाला तर नक्की बघा. हाय-स्पीड कॅमेऱ्यासमोर स्पंजी हाडाचा ओला नमुना दाबतात. प्लास्टिकची पट्टी दुमडली की घडीवर पांढरी पडते ना, तशीच एखादी काडी मोडायच्या आधी पांढरी होते. तो पांढरेपणा म्हणजे आत तयार झालेल्या असंख्य बारीक तड्यांवरून प्रकाश विखुरतोय. नंतर रंगवून बघितलं की पांढऱ्या पडलेल्या जागी डॅमेज सापडतं. पांढरी झाली म्हणजे मोडली असं नाही, बऱ्याच काड्या पांढऱ्या होऊन सुद्धा उभ्या असतात. बारीक बारीक तडे पडू देऊन मोठा तडा टाळायचा, हाडाची स्ट्रॅटेजीच ती आहे. हाड वाळवलं तर मात्र हे सगळं जातं, खाटकन तुटतं, म्हणून टेस्टिंगला नमुना ओलाच ठेवावा लागतो आणि साठवायचा तर गोठवून. वाळलेल्या हाडावरचे आकडे कुणी दिले तर सरळ बाजूला ठेवा.

पण फुकट काही नाही. एकदा यील्डच्या पुढे दाबून सोडलेला नमुना डोळ्याला होता तसाच दिसतो, उंचीपण जवळपास परत येते, परत दाबलं की मॉड्युलस (कडकपणा) पडलेला असतो, आणि स्ट्रेन जेवढा पुढे नेला होता तेवढी पडझड जास्त. मणक्याच्या बाबतीत हे मला भीतीदायक वाटतं कारण एक्स-रेला आकार नीट, आणि ताकद आतून गेलेली.

पळपुटा:
चर्चा भारी चालू आहे, मधेच घुसतो. मी लांब पल्ल्याचं पळतो, टाच दुखत होती, एक्स-रे नॉर्मल आला, एमआरआयमध्ये बोन मॅरो एडिमा आणि ट्रॅबेक्युलर मायक्रोफ्रॅक्चर असं काहीतरी लिहिलंय. म्हणजे एमआरआयमध्ये हे तुम्ही म्हणता ते तडे दिसतात का? आणि मी काय चूक केली? मायलेज हळूहळूच वाढवलं होतं, पहिले तीनचार आठवडे तर काहीच झालं नाही, पाचव्या आठवड्यात अचानक दुखायला लागलं.

रात्रपाळी:
ऑर्थोचा रेसिडेंट आहे, ड्युटी संपवून लिहितोय त्यामुळे व्याकरण माफ.

एमआरआयमध्ये तडा दिसत नाही. पन्नास मायक्रॉनचा तडा पकडायची त्याची ताकदच नाही. दिसतं ते पाणी. काड्या मोडल्या, बाजूच्या बारीक रक्तवाहिन्या फाटल्या, सूज आली की मॅरोमधला सिग्नल बदलतो, तोच तो एडिमा. एडिमा दुसऱ्या कारणांनीही येतो, म्हणून नुसत्या त्या शब्दावर निदान होत नाही, कहाणी जुळावी लागते. तुमची जुळतेय.

टाचेचं हाड जवळजवळ पूर्ण स्पंजी, वरून पातळ कवच. घट्ट हाडात स्ट्रेस फ्रॅक्चर झालं की काळी रेघ शोधतात, स्पंजी हाडात उलटं होतं. सुरुवातीला एक्स-रेला काहीच नाही आणि काही आठवड्यांनी पांढरट पट्टा दिसतो, काड्यांच्या दिशेला आडवा. कारण मोडलेल्या काड्या एकमेकीत दबल्यात आणि त्यांच्याभोवती नवीन हाड धरलंय. प्रत्येक मोडलेल्या काडीभोवती एक छोटी गाठ तयार होते, मायक्रोकॅलस म्हणतात, मोठ्या फ्रॅक्चरच्या कॅलसची लहान आवृत्ती. हा प्रकार तसा जुना आहे, १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने खूप मार्च करणाऱ्या सैनिकांचे सुजलेले दुखरे पाय नोंदवले, एक्स-रेचा शोधच तेव्हा लागला नव्हता.

आता पाचव्या आठवड्याचं कोडं. तडे पहिल्या दिवसापासून वाढत होते, दुरुस्ती पण लगेच सुरू झाली. पण दुरुस्तीची सुरुवात खणण्याने होते. एका जागी खणायला दोन ते चार आठवडे, भरायला तीन ते चार महिने. म्हणजे मधे एक काळ असा येतो की खड्डे भरपूर आणि भरणं मागे. नेमक्या त्याच वेळी तुम्ही मायलेज अजून वाढवता कारण आतापर्यंत काही दुखलं नाही. त्यात फटीगचं गणित असं की भार थोडासाच वाढला तरी टिकणारी आवर्तनं कितीतरी पटीने कमी होतात, सरळ रेषेत नाही. दमल्यावर स्नायू धक्का नीट शोषत नाहीत तो भाग वेगळाच.

तर "चूक" अशी नाही म्हणणार, हळूहळू वाढवलं तरी मधे हलका आठवडा टाकायला हवा होता. आता भार कमी, आणि ज्यांनी एमआरआय करायला सांगितला त्यांनाच परत दाखवा, इथे फोरमवर वेळापत्रक ठरवू नका. दुखणं थांबलं म्हणजे भरणं संपलं असं नसतं एवढंच ध्यानात ठेवा.

पळपुटा:
धन्यवाद डॉक. हलका आठवडा हे सगळेच सांगतात पण का ते आज कळलं.

चिकित्सक:
मग एक सरळ विचारतो. खणणं म्हणजे तात्पुरतं कमजोर करणं, ऑस्टिओपोरोसिसच्या गोळ्या खणणं थांबवतात, खणणं थांबलं की तडे साचणार, तडे साचले की हाड मोडणार. मग त्या गोळ्या देतात कशाला? मी वाचलंय की त्यांच्यामुळे मांडीचं हाड मोडतं.

स्लाइडखाली:
तुमच्या साखळीतला प्रत्येक दुवा बरोबर आहे पण वजन चुकतंय.

आधी खणण्याने काय बिघडतं ते बघा. खड्ड्याची खोली चाळीस-साठ मायक्रॉन, काडीची जाडी शंभर. म्हणजे एका खड्ड्यात अर्धी काडी गेली, आणि शिल्लक अर्ध्यावर स्ट्रेस एकवटतो, तिथेच नवा तडा. दोन्ही बाजूंनी खड्डे आले की काडी आरपार. आणि आरपार गेली की विषय संपला, भरायला पृष्ठभागच नाही, ऑस्टिओब्लास्ट हवेत हाड बांधत नाहीत. उरलेली दोन टोकं हळूहळू विरून जातात. मायक्रॉन म्हणाले ती आडवी काडी बऱ्याचदा अशी जाते, भाराने मोडून नाही तर दुरुस्तीच्या नादात कापली जाऊन. मग उभी काडी लांब, ती वाकते, तिला तडे, तिकडे परत खणणं. पाळी थांबल्यानंतर इस्ट्रोजन कमी होतं आणि एकाच वेळी खणणाऱ्या जागांची संख्या वाढते, म्हणून मणक्याचं स्पंजी हाड आधी बळी पडतं, तिथे पृष्ठभागच जास्त. मला विचाराल तर या विषयात सगळ्यात वाईट गोष्ट तडा नाही, ही साखळी आहे.

बिस्फॉस्फोनेट, म्हणजे तुम्ही म्हणताय त्या गोळ्या, ही साखळी तोडतात. तडे साचतात हेही खरं, साधारण २००० साली कुत्र्यांवर माणसाच्या डोसपेक्षा कितीतरी जास्त डोस देऊन दाखवलंय, तडे वाढले, हाडाचा चिवटपणा कमी झाला. पण काड्या शाबूत राहिल्या त्याचा फायदा बहुतेकांमध्ये त्या तोट्यावर मात करतो.

रात्रपाळी:
+१. आकडाच हवा तर १९९६ च्या मोठ्या ट्रायलमध्ये आधीच मणका मोडलेल्या बायकांमध्ये अ‍ॅलेंड्रोनेट या बिस्फॉस्फोनेट गोळीने नवीन मणका मोडण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. मांडीचं जे फ्रॅक्चर तुम्ही म्हणताय ते खरं आहे पण दुर्मिळ, वर्षानुवर्षं गोळी घेतलेल्यांमध्ये धोका वाढतो, आणि ते स्पंजी हाडाचं नाहीच, मांडीच्या नळीच्या घट्ट हाडाचं आहे, बाहेरच्या ताणाच्या बाजूने आडवं सुरू होतं. म्हणूनच काही वर्षांनी गोळीला सुट्टी द्यायची का हे डॉक्टर प्रत्येक पेशंटचं वेगळं ठरवतात. गोळी चालू असताना मांडीत किंवा जांघेत नवीन दुखणं आलं तर लगेच सांगा, मनानेच बंद मात्र करू नका. हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी.

आणि डेक्सावर (हाडाची घनता मोजणाऱ्या एक्स-रे तपासणीवर) फार विसंबू नका. त्यात खनिज किती ते कळतं, तडे नाही, जाळीची जोडणी नाही, कोलॅजनची अवस्था तर अजिबातच नाही. टाइप दोन डायबेटिसवाल्यांचा डेक्सा चांगला येतो आणि हाड अपेक्षेपेक्षा लवकर मोडतं, त्यामागचं एक कारण म्हणजे साखर कोलॅजनला चिकटून धाग्यांमध्ये नको ते बंध तयार करते, धागे ताठ होतात, फट धरून ठेवणारा पूलच ठिसूळ.

चिकित्सक:
ठीक आहे, मुद्दा पटला. पण मग म्हाताऱ्या मणक्यात या मोडलेल्या काड्या सापडतात का खरंच की हे सगळं थिअरीत?

स्लाइडखाली:
सापडतात, भरपूर. १९७३ मध्ये व्हर्नन-रॉबर्ट्स आणि पिरी यांनी कमरेचे मणके तपासून भरून येत असलेल्या मायक्रोफ्रॅक्चरचं वर्णन केलंय, काडीवर ती गाठ स्पष्ट दिसते. त्याच्या आदल्या वर्षी खुब्याच्या गोळ्यात सुट्या सुट्या मोडलेल्या काड्या दाखवल्या गेल्या होत्या. यातल्या कितींना कधी दुखलं असेल देव जाणे. त्यावरून एक कल्पनाही निघाली होती की सांध्याखालचं हाड असं मोडून-जुळून कडक होतं आणि मग वरच्या कूर्चेवर मार बसून संधिवात सुरू होतो. ऐकायला छान, पण आधी कूर्चा की आधी हाड हे भांडण अजून मिटलेलं नाही, माझं मत विचाराल तर दोन्ही बरोबरच बिघडतात.

स्प्रिंगवाला:
बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. आता परत माझ्या मॉडेलकडे, मायक्रॉन, तडे कुठे पडतील हे निदान अंदाजे दाखवायचं असेल तर काय काय घालू? आत्ता लिनियर इलास्टिक (भार आणि बदल सरळ प्रमाणात) आहे आणि व्हॉन मिसेस (सगळ्या दिशांचे स्ट्रेस मिळून एक आकडा) बघतोय.

मायक्रॉन:
व्हॉन मिसेस आधी काढा, तो ताण आणि दाब एकाच मापाने मोजतो आणि इथे सगळी मेख त्या फरकातच आहे. प्रिन्सिपल स्ट्रेन (सगळ्यात जास्त ताणल्या-दाबल्या जाणाऱ्या दिशांमधला स्ट्रेन) बघा, ताणाला आणि दाबाला वेगळी मर्यादा, वर दिलेत आकडे. विरळ मणका असेल तर लार्ज डिफॉर्मेशन (मोठं वाकणं धरणारं गणित) चालू करा, नाहीतर बकलिंग दिसणारच नाही आणि नमुना आहे त्यापेक्षा ताकदवान वाटेल. भार किती हे पण विचार करून घ्या, खुब्यावर साध्या चालण्यात शरीराच्या वजनाच्या अडीच पटीच्या आसपास भार येतो, अडखळून सावरलं की सात-आठ पट. हे सेन्सर बसवलेल्या कृत्रिम खुब्यांवरून मोजलेलं आहे. मणक्याला हे आकडे लावू नका, अंदाज यावा म्हणून सांगितले.

व्हॉक्सेल (त्रिमितीय इमेजचा एक ठोकळा) केवढा आहे? काडीच्या सरासरी जाडीत निदान चार एलिमेंट बसायला हवेत, नाहीतर वाकणं नीट पकडलं जात नाही.

स्प्रिंगवाला:
व्हॉक्सेल ३० मायक्रॉन, सरासरी जाडी १४० येतेय, म्हणजे बसतंय काठावर. अजून एक दिसतंय, नमुन्याच्या कडेकडेने सगळ्यात जास्त स्ट्रेन येतोय, तिथेच आधी तडे पडणार असं समजायचं का?

मायक्रॉन:
नाही हो, तो कापण्याचा परिणाम आहे. कडेच्या काड्यांचा शेजार तुम्ही कापून टाकलाय, त्यांना शरीरात जो आधार होता तो मॉडेलमध्ये नाही, म्हणून त्या जास्त वाकतात. प्रत्यक्ष टेस्टमध्येही हेच होतं, वरच्या-खालच्या टोकाला तर अजूनच, तिथे मोकळी टोकं प्लेटला टेकून चुरडतात आणि मॉड्युलस कमी मोजला जातो, म्हणून आम्ही टोकं धातूच्या टोप्यांमध्ये चिकटवून टाकतो. तुम्ही सगळ्या बाजूंनी एक-दीड मिमीचा पट्टा वगळा आणि फक्त मधल्या भागातल्या काड्यांचे रिझल्ट घ्या. नमुना पाच मिमीपेक्षा लहान असेल तर मोठा घ्या, नाहीतर वगळून हातात काही उरणारच नाही.